ट्रेला लावलेली हळद

माझ्या हाताखाली संगणक शिकलेली पोरंपोरी मला माझ्या मागं 'पाचरवाल्या बाई' म्हणायची. मला ते माहीत होतं. दोन नावांच्या मध्ये पाचर कुठली मारलीस ते आधी सांग, मग पुढचं बोल, असं मी दिवसातून इतक्यांदा म्हणायची की त्यांनी दुसरं काय म्हणावं?

युनिक्स या संगणक प्रणालीवर एका हुकमातून, म्हणजे कमांडमधून, निघालेली फाईलींची नावं दुसऱ्या हुकमाच्या पुढ्यात टाकायची असतात. नावं शोधून देणारा वेगळा, ती घेऊन पुढचं काम करणारा वेगळा, आणि मध्ये एक्सआर्ग्ज नावाचा हमाल. तो इकडची नावं उचलून तिकडं नेतो. हमाल कष्टाळू, पण अडाणी आहे. मोकळी जागा दिसली की त्याला वाटतं, इथं एक नाव संपलं. 'कवठे महांकाळ' नावाची एक फाईल असली तर तो पुढच्याला सांगतो, या घ्या दोन, एक कवठे आणि एक महांकाळ. पुढचा हुकूम पुसून टाकायचा असला आणि नुसत्या 'महांकाळ' नावाची दुसरीच फाईल तिथं पडलेली असली, तर ती बिचारी फुकट जाते. एका पोरानं असं केलं तेव्हा मी त्याला वर्गात उभं करून झाडलं. माझ्या नाकावर राग असतोच, पण त्या दिवशी जरा जास्तच बोलले.

उपाय सोपा आहे. नावात कधीही येणार नाही अशी पाचर घ्यायची. युनिक्सवर ते शून्य अक्षर, जे डोळ्यांना दिसत नाही आणि फाईलच्या नावात बसूच शकत नाही. शोधणाऱ्याला सांगायचं, दोन नावांमध्ये हेच घाल. हमालाला सांगायचं, तू फक्त हेच बघ, मोकळ्या जागेकडं ढुंकूनही बघू नकोस. दोघांनाही सांगावं लागतं. एकट्याला सांगून भागत नाही.

बाई एवढ्याशा गोष्टीवरून एवढ्या का तापतात, हे त्या पोरांना कधी कळलं नाही. मीही सांगितलं नाही. ते माझ्या अक्काचं आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीत एका कार्ड-पंचिंगच्या केंद्रात कामाला होते. तेव्हा संगणक कुणी बघितला होता? जाड कागदाची कार्डं असायची, त्यात मशीननं भोकं पाडायची, भोकांवरून दुसरं मशीन वाचायचं. आम्ही बायका भोकं पाडणाऱ्या. आमची कार्डं लाकडी ट्रेमध्ये उभी लावून आतल्या खोलीत जायची, तिथं मोठ्या मशीनवर एक चाचा होते. मिरजेचे, शांत माणूस, पानाशिवाय दुसरं व्यसन नाही. आणि या सगळ्यावर आमचे सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, मिशा पिळदार आणि शिस्त अशी की पेन्सिलीसुद्धा टेबलावर ओळीनं ठेवायला लावायचे. आम्ही त्यांची टिंगल करायचो आणि त्यांना घाबरायचोही.

साखर कारखान्यांची कामं यायची, कॉलेजांची यायची. त्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्यांचं काम आलं. कुणाला कुठला तालुका पाहिजे ते मशीनवरून लावायचं आणि छापलेली यादी साताऱ्याला पाठवायची. दिवाळीनंतर हुकूम निघणार होते.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, त्याच जिल्ह्यात मास्तरीण होती. आमचं माहेर कवठे महांकाळचं. अक्काला दिलं म्हसवडला. दाजी फौजेत, वर्षातनं एकदा रजेवर यायचे. आणि अक्काची शाळा मेढ्याच्या वर डोंगरात एका वाडीवर. म्हसवड जिल्ह्याच्या एका टोकाला, मेढा दुसऱ्या टोकाला. एकीकडं पाऊस पडत नाही आणि दुसरीकडं थांबत नाही. पहिल्या पावसाळ्यात तिची तान्ही पोरगी न्यूमोनियानं जाता जाता वाचली. डॉक्टर खाली मेढ्यात, ओढ्याला पाणी आलं की रस्ता बंद. तेव्हा अक्कानं मन घट्ट केलं आणि पोरीला म्हसवडला सासूपाशी ठेवलं. एसटीनं जायला सगळा दिवस मोडायचा, म्हणून रविवारी जाऊन येणं व्हायचं नाही. दिवाळी आणि मे महिना, एवढीच भेट.

त्या वर्षी गणपतीच्या आसपास अक्का सांगलीला माझ्याकडं येऊन गेली. तिनं बदलीसाठी माण तालुका मागितला होता. म्हसवड माण तालुक्यात. अक्का फारसं बोलणारी नव्हती, पण त्या रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, "आता चांगली बोलाय लागलीया ती. आत्ताच गेलं पायजे गं. मागनं जाऊन काय उपेग न्हाई."

मी म्हणाले, कार्ड माझ्याच हातानं पाडीन, काळजी करू नकोस. ती हसली. तिला वाटलं, बहीण आतली आहे म्हणजे काम झालंच.

कामाची पद्धत सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. साताऱ्याच्या कचेरीनं अर्ज गठ्ठे बांधून पाठवले होते. एक गठ्ठा म्हणजे तो तालुका मागणारे सगळे शिक्षक. गठ्ठ्यांचा क्रम ठरलेला. आता प्रत्येक कार्डावर तालुक्याचा आकडा वेगळा कशाला पाडायचा? एवढे कष्ट वाचवायला आम्ही गठ्ठे आहेत तसे एकाच लांब ट्रेमध्ये लावायचो आणि दोन गठ्ठ्यांच्या मध्ये एक पिवळं कोरं कार्ड घालायचो. बाकीची कार्डं बदामी रंगाची, त्यामुळं वरून बघितलं की पिवळी कड उठून दिसायची. चाचा एका पिवळ्यापासून दुसऱ्या पिवळ्यापर्यंतची कार्डं उचलायचे, मशीनला घालायचे, आणि त्या सगळ्यांवर एकदम त्या तालुक्याचा आकडा पडायचा. पुढचं पिवळं आलं की पुढचा तालुका. पिवळं कार्ड हीच पाचर.

अक्काचं कार्ड मी पाडलं. दोनदा तपासलं. माणच्या पिवळ्या कार्डाच्या मागं बरोबर लावलं. माणच्या आधी फलटण होतं आणि माणच्या नंतर पाटण. हे मला आजही झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगता येईल.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. नांगर, विळा, शिलाईचं मशीन, ट्रक, जे ज्याचं पोट भरतं ते धुऊन पुसून पुजायचं आणि दिवसभर विश्रांती द्यायची. फौजेत तर बंदुकांची पूजा होते, आणि सुभेदारांची अर्धी हयात त्यात गेलेली. ते सकाळी धुतलेल्या टोपीत आले, झेंडूची माळ, नारळ, उदबत्ती आणि पुडीत हळदकुंकू घेऊन. मशीनं पुजली जाणार म्हणजे ती चालणार नाहीत, म्हणून चाचांना आदल्या दिवशीच सुट्टी सांगितली होती. चाचा काही तिथं नव्हते.

सुभेदारांनी एकेका मशीनला कुंकू लावलं, हार घातला. आम्हा बायकांना म्हणाले, चला, ओवाळा. आम्ही ओवाळलं. मग त्यांचं लक्ष ट्रेंकडं गेलं. कार्डं ही पण हत्यारंच की, असं म्हणून ते ट्रेपाशी आले. तिथं मात्र त्यांनी विचार केला. कुंकू लावलं तर कार्डांना लाल डाग पडायचा, साताऱ्याचं काम आहे, नको. मग म्हणाले, याला नुसती हळद लावू. घरची हळद होती, नवीन दळलेली, सांगलीची. वाटीत पाणी घालून कालवली आणि प्रत्येक ट्रेच्या मध्यावर हळदीचं एकेक बोट ओढलं. कार्डांच्या उभ्या कडांवर. मी बाजूलाच होते, हातात फोडलेल्या नारळाची वाटी. मला ते बरं दिसलं. आणखी काय वाटणार?

दुसऱ्या दिवशी दसरा, केंद्र बंद. तोवर हळद कागदात मुरली आणि वाळली. त्यानंतर चाचा कामावर आले. हार काढलेले होते, फुलं झाडून टाकलेली. त्यांनी ट्यूबलाईटच्या उजेडात बदल्यांचा ट्रे घेतला आणि नेहमीसारखं पिवळ्यापासून पिवळ्यापर्यंत कार्डं उचलायला सुरुवात केली.

हळदीचं ते बोट फलटणच्या गठ्ठ्याच्या मधोमध पडलं होतं. तीन-चार कार्डांच्या कडा पिवळ्याधमक झाल्या होत्या, खऱ्या पिवळ्या कार्डापेक्षाही जास्त, कारण खरी पिवळी कार्डं वापरून वापरून विटली होती. चाचांनी तिथंच गठ्ठा तोडला. फलटण मागणारे निम्मे लोक फलटणमध्ये राहिले आणि निम्मे माणमध्ये गेले. त्यापुढचा गठ्ठा माणचा, तो आता पाटणचा ठरला. तिथनं पुढं प्रत्येक तालुका एक घर सरकत गेला. शेवटी 'कुठंही चालेल' म्हणणाऱ्यांचा गठ्ठा होता, उरलेलं सगळं त्यात जाऊन पडलं. एकूण कार्डं जेवढी होती तेवढीच भरली, म्हणून कुणाला संशयही आला नाही. यादी छापली आणि साताऱ्याला गेली.

दिवाळी झाली, हुकूम निघाले. अक्का एक दिवस न कळवता माझ्या दारात उभी राहिली. हातात पिशवी, चपलांवर धूळ. आत आली, पाणी प्याली, आणि म्हणाली की तिला पाटण दिलंय. कोयनेच्या अंगाला एक वाडी. म्हसवडपासनं मेढ्याहूनही आडवळणी, आणि पाऊस मेढ्यापेक्षा काय कमी नाही. तिनं रागानं विचारलं नाही. तिनं एवढंच विचारलं की माझ्या हातनं कार्डावर काही चुकलं का.

 म्हटलं, नाही, मी दोनदा बघितलंय. तिला घरात बसवून मी तशीच केंद्रात गेले. आमचे ट्रे अजून कपाटात होते. मी ट्रे ओढला आणि बघत उभी राहिले. वरून बघितलं तर पिवळ्या कडा मोजायची गरजच नव्हती. एक कड जाड होती, बाकीच्या बारीक. मी ते कार्ड काढलं, बोटानं घासलं, बोट पिवळं झालं. वास घेतला. हळद.

त्या क्षणी मला काय वाटलं, असं कुणी विचारलं तर खरं सांगू? काहीच वाटलं नाही. डोकं बधिर झालं होतं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, ती मी ऐकत होते. मी कार्ड परत जागेवर लावलं, हात धुतले, पिवळं गेलं नाही. मग सुभेदारांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, बाजाराची यादी वाचावी तशा आवाजात.

सुभेदारांनी मला मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बाई, त्या मास्तरीण तुमच्या कोण?"

"सख्खी थोरली बहीण."

ते उठले, टोपी घातली. म्हणाले, "चूक माझी हाय. चाचांच्या डोक्यावर कुणी काय घालायचं न्हाई." आणि तो ट्रे तसाच उचलून, वर वर्तमानपत्र बांधून, साताऱ्याच्या एसटीत मांडीवर घेऊन बसले. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले होते. एवढा ताठ माणूस, पण खिडकीत ट्रे कवटाळून बसलेला बघून मला त्यांच्यावर रागावताही येईना. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

ते परत आले तेव्हा ट्रे त्यांच्याजवळ होता. त्यांनी कचेरीत हळद दाखवली होती, घासून दाखवली होती. साहेब आधी हसले म्हणे, मग गंभीर झाले. पण लोक नव्या जागी हजर झाले होते. ज्यांना सोयीचं पडलं ते गप्प बसले, त्यांना आता उठा कोण म्हणणार? ज्यांचं वाटोळं झालं त्यांनी अर्ज केले आणि त्या अर्जांचाच गठ्ठा झाला. पुढच्या वर्षी बघू, असं साहेब म्हणाले. सुभेदारांनी मला एवढंच सांगितलं, "न्हाई झालं, बाई."

अक्का तोवर माझ्याकडंच थांबली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं चुलीतली लाकडं मागं सारली. मग म्हणाली, "माझ्या लग्नात बी एवढी हळद न्हवती लागली." आणि हसली. मीही हसले.  दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती पाटणला गेली.

मध्यंतरीचं मला फारसं सांगता येणार नाही. मी कामाला जायची, भोकं पाडायची, घरी यायची. सुभेदारांनी त्यानंतर पिवळी कार्डं बंद केली आणि दोन गठ्ठ्यांच्या मध्ये पत्र्याची पट्टी घालायला लावली. पत्र्याला काही लागलं तरी पुसता येतं, आणि कार्ड कधी पत्र्याचं नसतं. अतिशय चांगली पद्धत होती. ती बघून मला अधूनमधून ती पट्टी उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटायची, पण तेवढंच. चाचा मला बघितलं की मान खाली घालायचे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही कशाला, तुम्हाला कुणी सांगितलं तरी होतं का? ते म्हणाले, विचारायला हवं होतं. 

पाटणच्या वाडीवरनं अक्काला म्हसवडला जाणं मेढ्याहूनही कमी झालं. दिवाळीची उरलेली सुट्टी तर हजर होण्यात आणि सामान हलवण्यात गेली. मे महिन्यात गेली तेव्हा पोरीला गोवर होता आणि ती आजीच्या मांडीवरनं उतरत नव्हती. अक्कानं तिच्या पायाशी बसून ते दिवस काढले. त्यानंतर परत पाऊस आणि परत वाडी.

पुढच्या वर्षी हुकूम आला. माण तालुका, आणि शाळा म्हसवडातच. या वेळी पत्र्याची पट्टी होती, आणि तरीही मी तो ट्रे स्वतः चाचांच्या हातात दिला होता, आणि ते कार्डं उचलत असताना शेवटपर्यंत तिथं उभी राहिले होते. अक्काला ने-आण करायला दाजी नव्हते, म्हणून रजा काढून मीच पाटणला गेले. तिचं सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि वाडीतल्या लोकांनी दिलेली नाचणी. साताऱ्याला गाडी बदलली, दहिवडीला बदलली. वाटेत अक्का एकदाही झोपली नाही. पोरीला शाळेत कधी घालायचं, कोणता फ्रॉक शिवायचा, हे ती मला सांगत होती. मी तिला इतकं बोलताना त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही बघितलं नाही.

म्हसवडला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. हमालानं ट्रंक दारात ठेवली. अंगणात पोरगी खापरानं रेघा ओढत बसली होती. उंच झाली होती, केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या. तिनं आमच्याकडं बघितलं, मग ट्रंकेकडं. घाबरली नाही, पळाली नाही. उठून उंबऱ्यापाशी गेली आणि आत तोंड करून हाक मारली.

"आये, त्या पाटणच्या बाई आल्यात."

आतनं अक्काची सासू पदराला हात पुसत बाहेर आली. त्या पोरीचं बोलणं तिनं ऐकलं होतं. तिचा चेहरा पडला. बाई वाईट नव्हती, उलट तिनं पोरीला जिवापाड सांभाळलं होतं. ती पोरीला म्हणाली की असं म्हणू नये, ही तुझी आय हाय. पोरीनं मान डोलावली. शहाणी होती, सांगितलेलं ऐकायची. ती आत गेली आणि पाहुण्यांना देतात तसं ताटलीत गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. ताटली अक्काच्या पुढ्यात ठेवली आणि हात मागं बांधून दोन पावलं लांब उभी राहिली.

मला वाटलं, आता अक्का तिला ओढून पोटाशी धरेल. मला वाटलं, रडेल. मला त्या हळदीचा, त्या ट्रेचा, त्या सुभेदारांचा, सगळ्या जगाचा संताप आला होता.

अक्का जोत्यावर टेकली. चपला काढून बाजूला ठेवल्या. मग वर्गात नवीन पोर आलं की मास्तरीण जसं विचारते, तशा मऊ आवाजात तिनं विचारलं, "नाव काय बाळ तुझं?"

पोरीनं पूर्ण नाव सांगितलं, वडलांच्या नावासकट, न अडखळता.

"छान हाय नाव," अक्का म्हणाली. ते नाव तिनंच ठेवलेलं होतं. मग तिनं गूळ तोंडात टाकला आणि वर पाणी प्याली.